करारात वरुडच्या संत्र्यासाठी एक ओळ हवी

प्रति,
केंद्रीय वाणिज्य मंत्रालयात शेजारी देशांशी व्यापाराची बोलणी करणारे सर्व अधिकारी,
नवी दिल्ली

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

२०२३ च्या डिसेंबरातली गोष्ट सांगते. गाडी निघून पाचवा दिवस होता. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील, शेडवरचा फोन वाजला. ड्रायव्हर बनगावहून बोलत होता, बांगलादेशच्या सीमेवरच्या पेट्रापोलच्या नाक्याजवळून. "वहिनी, तिकडची पार्टी माल उचलत नाई म्हनते. ड्यूटी परवडत नाई म्हनते. गाडी उभीच हाय, काय करू सांगा." मी काय सांगणार? शेडमालकांना फोन जोडून दिला. ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोलकात्याले घे. मेछुआत जो भाव भेटन त्या भावात उतरव."

माल तापला होता. नागपुरी संत्र्याची साल ढिली असते, हीच त्याची गोडी आणि हाच त्याचा धोका. म्हणून तोडताना देठ अगदी टोपीला लागून कापावा लागतो. करंगळीच्या नखाएवढा देठ जरी राहिला तरी क्रेटमधल्या शेजारच्या फळाला टोचतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या एका टोचलेल्या फळापासून आख्खी क्रेट सडायला लागते. आमच्या शेडवरच्या बाया दिवसभर हेच पाहत बसतात. देठ, डाग, आकार, रंग. क्रेटच्या तळाला रद्दीचा कागद, वर कागद, मग झाकण. एवढं सांभाळून भरलेली गाडी नाक्याच्या अलीकडे तीन दिवस उन्हात उभी राहिली आणि मेछुआच्या फळबाजारात जे आलं त्यातून गाडीभाडंही निघालं नाही.

आमच्याकडे व्यापारी बगीचा पाहून सौदा करतो, इसार देतो आणि उरलेली रक्कम तोडणीच्या वेळी चुकती करतो. त्या हंगामात उरलेली रक्कम कोणालाच पूर्ण मिळाली नाही. हिशोबाच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. समोर बसलेल्या माणसाला "भाऊ, आता एवढेच" म्हणून कमी पैसे मोजून देण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यातली एक चिठ्ठी आमच्याच घरची होती.

माझी ओळख एवढीच: वरुड तालुक्यात आमची चार एकर संत्र्याची बाग आणि तीन एकर कपाशी आहे. हंगामात मी गावाजवळच्या एका ग्रेडिंग-कोटिंग शेडवर, म्हणजे फळं निवडून त्यांना मेणाचा हात देतात तिथे, बिलं आणि बिल्टी लिहिते. हे पत्र मी त्या शेडच्या वतीने लिहीत नाही, कोणत्या पक्षाच्या किंवा संघटनेच्या वतीनेही नाही. त्या रात्रीनंतर मला एक प्रश्न सुटेना. ज्या देशाला आपण जवळजवळ सगळं शुल्कमुक्त विकू देतो, त्या देशात आमचं फळ फळाच्या किमतीच्या कितीतरी पट शुल्क भरून का जातं? मुलीने मोबाइलवर कागद काढून दिले, मी वाचत गेले. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते. तुम्हाला यातलं बरंच माहीत असेल, पण ते बागेतून कसं दिसतं हेही तुम्हाला माहीत असावं असं मला वाटतं.

२०१९ च्या सुमारास बांगलादेशात आमच्या संत्र्यावर किलोमागे २० रुपयांच्या आसपास शुल्क पडत होतं. ते दरवर्षी चढत गेलं आणि २०२३ मध्ये ८८ रुपयांवर पोचलं. वरुड-मोर्शीच्या बागेत चांगल्या वर्षीसुद्धा एका किलोला जेवढे मिळतात, त्याच्या दुप्पट-तिप्पट हा आकडा आहे. फळ पिकवायला वर्ष लागतं: ताण द्या, पाणी सोडा, फूल येऊ द्या, फळगळ आवरा, कोळशी आणि डिंक्या हे रोग सांभाळा. त्या सगळ्याची किंमत एका बाजूला आणि नाका ओलांडायची किंमत त्याच्या तिप्पट.

हे ८८ रुपये कुठून येतात ते समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बांगलादेशातलं मूळ आयात शुल्क त्यातला एक भाग आहे. त्यावर नियामक शुल्क, त्यावर पूरक शुल्क, मग व्हॅट, मग आगाऊ प्राप्तिकर आणि आणखी एक आगाऊ कर. आणि हे सगळं आमच्या बिलावरच्या भावावर लागत नाही, कस्टमने स्वतः धरलेल्या किमतीवर लागतं. इथे भाव पडून १५ रुपये किलो झाला तरी तिकडचा कर कमी होत नाही. म्हणजे ज्या वर्षी आमच्या हातात सगळ्यात कमी येतं, त्याच वर्षी कराचा भार सगळ्यात जड असतो.

मे २०२२ मध्ये तिथल्या महसूल मंडळाने १३५ वस्तूंवरचं नियामक शुल्क वाढवलं. फळांवरचं ३ टक्क्यांवरून २० टक्के झालं. सौंदर्यप्रसाधनं, फर्निचर, फुलं आणि फळं, सगळी एका यादीत. डॉलरची चणचण होती, ते मला समजतं. घरात पैसा कमी पडला की आपणही आधी काय बंद करायचं ते ठरवतो. पण संत्र्याला चैनीच्या यादीत घातलेलं पाहून मला खरंच वाईट वाटलं. आजाऱ्याला भेटायला जाताना माणूस पिशवीत काय नेतो? इकडे संत्री नेतात, तिकडेही कमला, म्हणजे संत्रीच, नेतात. ढाक्याच्या बादामतोलीच्या फळबाजारात आमच्या भागाचं फळ ओळखून घेणारे लोक आहेत. त्यांना ते परवडेनासं झालं आणि इकडे आम्हाला ते विकता येईनासं झालं. दोन्ही टोकांना साधीच माणसं आहेत.

आता आपण त्यांना काय दिलं ते पाहू. सार्कची, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांच्या संघटनेची, स्थापना ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यातच झाली. साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राचा करार, जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादला झाला आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. त्यात अल्पविकसित देशांना जास्त सवलत देण्याची सोय आहे, आणि बांगलादेश त्यांतलाच. तिचा आधार घेऊन भारताने २०११ मध्ये या देशांसाठीची आपली संवेदनशील यादी, म्हणजे सवलत न द्यायच्या वस्तूंची यादी, शुल्कतक्त्यातल्या फक्त २५ ओळींवर आणली. त्या ओळी प्रामुख्याने दारू आणि तंबाखूच्या. बाकी सगळं शून्य शुल्काने आत. बांगलादेशची आपल्यासाठीची संवेदनशील यादी मात्र आजही नऊशेच्या वर ओळींची आहे. आणि साफ्टातलं कपातीचं वेळापत्रक मूळ आयात शुल्कापुरतं आहे. नियामक आणि पूरक शुल्क त्याच्या बाहेर राहतात. करार एका दाराला लागू आहे, आणि आमचं फळ अडतं ते बाजूच्या दोन दारांत.

मदतीचंही असंच. २०१० मध्ये १ अब्ज डॉलर, त्यानंतर २ अब्ज, २०१७ मध्ये साडेचार अब्ज, अशा सवलतीच्या कर्जाच्या मर्यादा भारताने बांगलादेशला दिल्या. पहिल्या अब्जातले २० कोटी डॉलर तर पुढे अनुदानच करून टाकले. भारताकडून असं कर्ज घेणाऱ्यांत बांगलादेश सगळ्यात मोठा. त्यातून रेल्वेमार्ग झाले, बंदराला जोडणाऱ्या वाटा झाल्या.

मी हे तक्रार म्हणून मोजत नाही. द्यायलाच हवं होतं. शेजारी अडचणीत असताना त्याच्याकडून लगेच परतफेड मागू नये, हे मला आमच्या गावातच शिकवलं गेलं आहे. तिकडच्या कपड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बाया आमच्या शेडवरच्या बायांसारख्याच आहेत; पाठ धरून येईपर्यंत बसून काम करतात. त्यांच्या ताटातलं काही काढून माझ्या ताटात टाका असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. एवढं सगळं देत असताना, त्या पंधरा वर्षांत एकदा तरी आमच्या फळाचा विषय टेबलावर तितक्याच गांभीर्याने निघायला हवा होता.

सवलत देणारा मागू शकतो, याचं उदाहरण युरोपचं आहे. युरोपीय संघाने २००१ पासून अल्पविकसित देशांना शस्त्रांखेरीज सगळं शुल्कमुक्त आणि कोट्याशिवाय पाठवायची मुभा दिली. २०११ पासून कपड्यांचा नियम आणखी सैल केला: कापड कुठलंही असो, शर्ट बांगलादेशात शिवला की तो तिथलाच धरायचा. बांगलादेशच्या तयार कपड्यांतले निम्म्याच्या आसपास कपडे आज युरोपात जातात ते यामुळे. पण २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा दोन-तीन महिन्यांतच युरोपने बांगलादेश सरकार आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर बसून कामगारांच्या सुरक्षिततेचा लेखी करार करून घेतला. सवलत काढून घेतली नाही. सवलतीच्या निमित्ताने जे बोलायचं ते बोलून घेतलं.

यात आमच्या कपाशीचाही धागा आहे, म्हणून थोडं थांबते. आपल्या कापसाचा आणि सुताचा मोठा गिऱ्हाईक बांगलादेशच. माझ्या तीन एकरातला कापूस जिनिंगमधून गाठ होऊन बाहेर पडला की कुठे जातो हे मला कधीच कळत नाही, पण त्यातला काही सीमेपलीकडे जातो हे नक्की. तिकडे त्याचा शर्ट झाला की तो युरोपात शून्य शुल्काने जातो. तोच कापूस तिरुपूरला शिवला तर त्या शर्टावर युरोपात वर्षानुवर्षं ९ ते १२ टक्के शुल्क लागत आलं. युरोपशी आपली स्वतंत्र बोलणी २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये थांबली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये ती पूर्ण झाल्याची घोषणा झाली. चांगलं झालं. कापसाला त्याचा कधीतरी फायदा होईल अशी आशा आहे. कापूस निदान वाट पाहू शकतो. गाठ गोदामात सहा महिने राहते. संत्रं आठ दिवस राहत नाही.

फळाच्या बाबतीतही युरोपचं एक शिकण्यासारखं आहे. बाहेरच्या संत्र्यावरचं शुल्क ते ऋतूप्रमाणे बदलतात. स्पेनच्या बागा तोडणीला आल्या की शुल्क जास्त, उन्हाळ्यात बागा रिकाम्या असल्या की कमी. म्हणजे शुल्काच्या तक्त्यात झाडाचं वेळापत्रक बसवता येतं, ते अशक्य नाही.

आणि युरोपपर्यंत तरी कशाला जायचं? आपण स्वतः हे केलेलं आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेला आपला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यात ऑस्ट्रेलियाच्या ५१ हजार टन लांब धाग्याच्या कापसाला शुल्क माफ आहे. आणि ऑस्ट्रेलियाच्या संत्र्या-मँडरिनला १३,७०० टनांपर्यंत निम्म्या शुल्काने भारतात येता येतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा खोऱ्यातल्या बागायतदारासाठी त्याच्या सरकारने आपल्या टेबलावर बसून ती ओळ लिहून घेतली. त्या बागायतदाराबद्दल मला आदरच वाटतो, त्याचं म्हणणं त्याच्या राजधानीत पोचलं. माझं म्हणणं माझ्या राजधानीत पोचावं म्हणून मी हे लिहिते आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने बांगलादेशच्या शुल्काचा निम्मा भार उचलायचं जाहीर केलं. ८८ मधले ४४ रुपये, त्यासाठी १७० कोटींच्या घरात तरतूद. हेतू चांगला होता, आणि त्यासाठी ज्यांनी पाठपुरावा केला त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण त्या पैशाची वाट बघा. महाराष्ट्राच्या करदात्याचा रुपया निर्यातदाराच्या खात्यातून फिरून शेवटी ढाक्याच्या तिजोरीत जमा होणार, आणि शुल्क जिथे आहे तिथेच राहणार. पुढच्या वर्षी ते आणखी वाढलं तर आपणही तरतूद वाढवायची का? शिवाय असं अनुदान निर्यातदाराच्या कागदावर मिळतं. बागेवाल्याने फळ इसार घेऊन आधीच विकलेलं असतं; त्याच्या चिठ्ठीत ते ४४ रुपये कुठून दिसणार? हे दुखणं औषधाच्या खर्चाला मदत करून बरं होणारं नाही. ते बोलणीच्या टेबलावरच बरं होईल, आणि त्या टेबलावर राज्य सरकार बसत नाही. तुम्ही बसता.

आता वेळेबद्दल. बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्याची ठरलेली तारीख २४ नोव्हेंबर २०२६ आहे. ती पुढे ढकला अशी मागणी तिथल्या उद्योगांनी केलेली आहे, आणि ती ढकललीही जाईल कदाचित. तरी कधी ना कधी तो दिवस येणार. युरोपने त्यानंतरही तीन वर्षं सवलत चालू ठेवायचं मान्य केलं आहे. आपली २०११ ची सवलत मात्र अल्पविकसित देश म्हणून दिलेली आहे. तो शिक्का गेला की त्या सवलतीचं काय करायचं, हे दोन्ही देशांना बसून ठरवावं लागेल. दोघांमधल्या सर्वंकष आर्थिक भागीदारीच्या कराराचा अभ्यास झाला आहे, २०२२ मध्ये त्यावर दोन्ही पंतप्रधानांनी बोलणी सुरू करायचं ठरवलं होतं. त्यानंतर काय काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी आपलं सूत जमिनीवरच्या नाक्यांवरून घेणं बंद केलं, मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांवर थांबवले. संबंध आज ताणलेले आहेत हे मला समजतं. पण शेजार बदलत नाही. आज ना उद्या पुन्हा समोरासमोर बसाल, आणि त्या दिवशी तुमच्या फायलीत संत्र्याचा कागद आधीपासून असावा यासाठी हे पत्र आहे.

त्या कागदात काय असावं ते मला सुचतं तसं सांगते.

सगळ्यात आधी, फळाचं नाव बरोबर लिहा. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण शेडवर बिलं लिहून लिहून मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटायला लागलं आहे. आपण ज्याला संत्रं म्हणतो ते आंतरराष्ट्रीय शुल्कतक्त्यात 'ऑरेंज' नाही, 'मँडरिन' आहे. ऑरेंजची ओळ ०८०५.१० आहे, म्हणजे मोसंबी आणि त्या जातीची घट्ट सालीची फळं. मँडरिनची ओळ ०८०५.२१ आहे, ढिल्या सालीची. मी बिलांवर दोन्ही आकडे पाहिले आहेत, कधी हा, कधी तो. उद्या तुम्ही मोठ्या मेहनतीने सवलत मिळवली आणि ती फक्त ऑरेंजच्या ओळीत लिहिली गेली, तर नाक्यावरचा एखादा अधिकारी आमचं फळ हातात घेऊन म्हणेल की हे ते नव्हेच. २०१४ मध्ये आमच्या फळाला नागपूर संत्रा म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं आहे. नाव आहे, ओळख आहे. दोन्ही ओळी लिहा आणि कंसात नागपूर संत्रा लिहा.

दुसरं, सवलत हंगामापुरती मागा. बारमाही मागितली तर ते देणार नाहीत आणि आम्हाला ती लागतही नाही. आंबिया बहाराची तोडणी ऑक्टोबरच्या शेवटाला सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते. मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. या दोन काळांसाठी ठरावीक टनांचा कोटा, त्यावर कमी शुल्क. ऑस्ट्रेलियाला आपण जे दिलं तसंच. बांगलादेशचा महसूलही सगळा बुडणार नाही. एवढ्या शुल्काने त्यांच्याकडेही फारसा माल पोचत नाही, मग कर तरी कशावर मिळणार?

तिसरं, शुल्क म्हणजे सगळं शुल्क धरा. नियामक, पूरक, सगळं मिळून नाक्यावर किलोमागे किती पडतं, तो एकच आकडा करारात बांधा. मूळ शुल्क कमी करून घेतलं आणि पुढच्या अर्थसंकल्पात पूरक शुल्क तेवढंच वाढलं, तर आम्ही होतो तिथेच. आणि कर बिलाच्या किमतीवर लागावा, धरलेल्या किमतीवर नको.

नाशवंत मालासाठी पेट्रापोलला वेगळी रांग हवी, यावर मी जास्त लिहीत नाही. बनगावला एकदा गाडीबरोबर तीन दिवस थांबलेला कोणताही ड्रायव्हर तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

तुम्ही म्हणाल, एकाच बाजारावर एवढं अवलंबून का राहायचं, रस काढा, प्रक्रिया करा. तेही हवंच. पण नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो, बियाही भरपूर. रसाचे कारखाने ज्या जातींवर चालतात त्या वेगळ्या. आमचं फळ सोलून हातात धरून खायचं फळ आहे. त्याला ताजा बाजार लागतो, आणि पोचवता येईल असा परदेशातला मोठा ताजा बाजार बांगलादेशच आहे. आखात आणि युरोप या पातळ सालीला फार लांब पडतात.

तुमच्या कामाचा वेग आणि आमच्या कामाचा वेग यात फार फरक आहे, तेही सांगायला हवं. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं. गिरण्यांची मागणी होती, अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून लागू. महिना व्हायच्या आत मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढलीसुद्धा. शुल्क एका रात्रीत बदलतं, इकडे आणि तिकडेही. संत्र्याचं कलम लावलं की पहिलं विकण्याजोगं फळ यायला पाच-सहा वर्षं लागतात. माझे सासरे, आम्ही मामाजी म्हणतो, शेंदुरजना घाटाहून कलमं आणून लावताना म्हणाले होते, "पोरी, साहा वर्स याच्या तोंडाकडं पायत रायचं, मंग हे आपल्या तोंडाकडं पायते." बोअर हजार फुटांवर गेला, एप्रिल-मेमध्ये टँकर विकत घेतला, तरी त्यांनी ती झाडं वाचवली.

गेल्या दोन वर्षांत आमच्या शिवारात तीन बागा तोडल्या गेल्या. बुंध्याला करवत लावताना मी एका ठिकाणी उभी होते. पंधरा वर्षांचं, भर बहराचं झाड. तोडणाऱ्या भाऊला विचारलं, काहून तोडता? तो म्हणाला, "ताई, तुमच्याच हातची चिठ्ठी हाय ना घरी." मला उत्तर देता आलं नाही. आता तिथे सोयाबीन आहे. समजा पुढच्या वर्षी तुम्ही शुल्क शून्यावर आणलं, तरी त्या भाऊला २०३२ पर्यंत फळ दिसणार नाही. म्हणून घाई आहे. उभी आहेत ती झाडं उभी असेपर्यंत हे व्हायला हवं.

बोलणी करण्याआधी तुम्ही उद्योगांशी सल्लामसलत करता, असं मी वाचलं आहे. त्यासाठी दिल्ली-मुंबईत बैठका होतात, मोठ्या निर्यातदारांच्या संघटना येतात. एक बैठक वरुडला घ्या. आमच्या स्टेशनच्या नावातच ऑरेंज सिटी आहे, नरखेडहून अमरावतीला जाणारी गाडी थांबते. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथले शास्त्रज्ञ फळ किती दिवस टिकतं, कोणत्या तापमानाला टिकतं हे आकड्यांत सांगतील. भाव, इसार, चिठ्ठ्या आम्ही सांगू. विदर्भातल्या खासदारांनाही या पत्राची प्रत देते आहे. त्यांनी तुम्हाला हे विचारावं आणि उत्तर आम्हाला आणून सांगावं अशी त्यांना विनंती आहे.

आंबियाचं फळ आत्ता झाडावर लिंबाएवढं आहे. १५ नोव्हेंबरनंतर शेड रात्री उशिरापर्यंत चालू असतं. तेव्हा या. बायांच्या शेजारी बसा, एक क्रेट स्वतः भरून पाहा. आणि गाडीचं बिल लिहायची वेळ येईल तेव्हा मला सांगा, त्यावर मी ०८०५ च्या पुढे कोणता आकडा लिहू.

आपली,
एक संत्रा बागायतदार
तालुका वरुड, जिल्हा अमरावती